अ‍ॅक्सोलॉटल: नर की मादी आणि रंग कोणता? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अ‍ॅक्सोलॉटलचा फोटो येतो आणि त्याखाली दोनच प्रश्न असतात: हा नर आहे की मादी, आणि याच्या रंगाला काय म्हणतात? हा पाण्यात राहणारा, शेपटी असलेला उभयचर प्राणी आहे, सॅलॅमँडरचा एक प्रकार. बहुतेक फोटो समोरून काढलेले असतात. चेहरा हसरा, कल्ले पसरलेले, टाकीत निळा दिवा. फोटो गोड असतो, पण उत्तर ज्या जागेवर असतं ती जागाच त्यात नसते. म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. लिंगाचे प्रश्न आधी आहेत, रंगाचे नंतर. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात जातो तिथे क्रमांक दिला आहे.

१. नर की मादी, हे ओळखायला नेमकं कुठे बघायचं?

मागच्या पायांच्या लगेच मागे, शेपटी सुरू होते तिथे खालच्या बाजूला. त्या जागेला क्लोएका म्हणतात. विष्ठा, अंडी, शुक्राणू सगळं तिथूनच बाहेर पडतं. प्रौढ नरात ही जागा ठळक फुगलेली असते. बाजूने पाहिलं तर शेपटीच्या बुडाशी स्पष्ट उंचवटा दिसतो आणि वरून पाहिलं तरी पायांच्या मागे दोन्ही अंगांना फुगवटा डोकावतो. मादीत ती जागा जवळजवळ सपाट असते, फार तर छोटासा उठाव असतो.

शरीराचा घाट हा दुय्यम पुरावा. मादी पोटाशी रुंद आणि भरलेली दिसते, नर सडपातळ आणि शेपटीकडे लांबट. पण भरपूर खाणारा नरही गोल होतो, म्हणून नुसत्या घाटावर निकाल देऊ नका.

२. किती महिन्यांचा झाल्यावर कळतं?

लवकर म्हणजे सहा महिन्यांत, उशिरा म्हणजे दीड वर्षात. काही नर त्याहूनही उशिरा लक्षणं दाखवतात. वयापेक्षा लांबी जास्त उपयोगी आहे: नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण १८ सेंटीमीटर भरल्याशिवाय अंदाज बांधू नये. थंड पाण्यात किंवा कमी खाण्यावर वाढलेला प्राणी वर्षाचा झाला तरी आतून अजून पिल्लूच असू शकतो.

वयात आल्याची आणखी एक खूण बोटांवर दिसते. फिकट रंगाच्या अ‍ॅक्सोलॉटलच्या बोटांची टोकं गडद होतात आणि गडद रंगाच्यांची फिकट. यावरून नर-मादी कळत नाही, पण आता तपासायला हरकत नाही एवढं कळतं.

दहा सेंटीमीटरच्या पिल्लाकडे बघून कुणी ‘नक्की मादी’ म्हणून देत असेल, तर तो निव्वळ अंदाज आहे. ज्यांनी घरी फक्त माद्या ठेवायचं ठरवलं आहे त्यांनी हे घेण्याआधीच लक्षात ठेवावं.

३. हात न लावता तपासायचं कसं? फोटो कसा काढू?

टाकीतलंच पाणी एका पारदर्शक डब्यात घ्या, प्राण्याला त्यात अलगद शिरू द्या, डबा डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि बाजूने बघा. मग खालून बघा. काचेला चिकटून वर आलेला असेल तर एवढंही करावं लागत नाही. त्याची त्वचा नाजूक असते आणि तिच्यावर संरक्षक बुळबुळीत थर असतो, म्हणून पालथा करणं, पोट दाबणं, हाताने पाण्याबाहेर उचलणं हे सगळं टाळा.

फोटो तीन हवेत: बाजूने, वरून, खालून. तिन्हींत मागचे पाय आणि शेपटीचं बूड आलं पाहिजे. दिवसाचा उजेड, पांढरी पार्श्वभूमी. टाकीचा निळा-जांभळा दिवा बंद करा, नाहीतर रंगाच्या प्रश्नाचंही उत्तर चुकतं. फ्लॅश वापरू नका. अ‍ॅक्सोलॉटलला पापण्या नसतात, त्याला डोळे मिटून घेता येत नाहीत.

४. क्लोएका फुगलेली दिसते, म्हणजे नरच ना?

बहुतेक वेळा हो, पण तीन गोष्टी फसवतात. एक, पोट साफ व्हायच्या आधी ती जागा तात्पुरती फुगते. दोन दिवसांनी पुन्हा बघा. दोन, अंड्यांनी भरलेल्या किंवा नुकतीच अंडी दिलेल्या मादीतही थोडी सूज असते. फरक असा की नराचा फुगवटा कायम राहतो आणि दोन्ही बाजूंना सारखा असतो, मादीचा काही दिवसांत ओसरतो. तीन, आजार. लालसर मऊ मांस बाहेर आलेलं दिसलं, किंवा खाणं बंद होऊन पोट ताठ झालं, तर तो नर-मादीचा प्रश्न उरत नाही. त्याच दिवशी प्राण्यांच्या डॉक्टरला दाखवा.

५. दीड वर्ष झालं, काहीच फुगलेलं नाही. मग मादी समजू का?

शक्यता मादीचीच जास्त, पण माझ्या मते ‘बहुधा मादी’ एवढंच म्हणावं. नराची खात्री फुगवट्याने होते. मादीची खरी खात्री तिने अंडी दिली तरच होते.

माझ्याकडे एक ल्युसिस्टिक (पांढरं अंग, काळे डोळे; प्रश्न १२) होती. चौदा महिने मी तिला ‘ती’च म्हणत होते, कारण बूड सपाट आणि पोट चांगलं गोल. एका सकाळी टाकीतल्या चपट्या दगडावर पारदर्शक जेलीचे सात छोटे शंकू दिसले, प्रत्येकाच्या टोकावर पांढरा ठिपका. टाकीत दुसरं कुणी नव्हतं. त्या महिन्याभरात फुगवटाही आला. तेव्हापासून दोन वर्षं पुरी होईपर्यंत मी कुणालाही पक्कं मादी म्हणत नाही.

६. दगडावर पांढऱ्या टोकाच्या जेलीसारखं काहीतरी चिकटलंय. बुरशी आहे का?

बुरशी कापसासारखी तंतुमय असते. तुम्ही सांगताय तो आकार शंकूचा आणि तळाशी घट्ट चिकटलेला असेल, तर तो स्पर्मॅटोफोर आहे: जेलीचा बैठा शंकू आणि त्याच्या टोकावर शुक्राणूंचा पुंजका. नर तो तळाला चिकटवतो, मादी त्यावरून चालत जाऊन तो क्लोएकात ओढून घेते. टाकीत एकच प्राणी असेल तर तो नर आहे, वाद संपला. मादी सोबत नसतानाही नर असे शंकू टाकतो.

टाकीत दोघं असतील तर प्रश्न ८ आत्ताच वाचा.

७. डोकं रुंद असेल तर मादी, कल्ले झुपकेदार असतील तर नर, हे खरं का?

नाही. कल्ल्यांचा झुपका पाण्यातला प्राणवायू, तापमान, पाण्याचा प्रवाह आणि तब्येत यांवर ठरतो. एकाच प्राण्याचे कल्ले दोन महिन्यांत विरळ होऊन पुन्हा भरलेले पाहायला मिळतात. डोक्याच्या रुंदीवरून सांगणारे पुष्कळ भेटतात, पण एका पोटच्या भावंडांतही डोकी इतकी वेगवेगळी असतात की त्यावर भरवसा ठेवता येत नाही. स्वभावावरून तर मुळीच नाही.

८. एकत्रच तर राहतात. नर-मादी कळलं नाही तर बिघडलं कुठे?

मादीचं बिघडतं. नर तिला थांबू देत नाही आणि तिचं शरीरही नाही म्हणत नाही. एका खेपेला शंभरापासून हजारपर्यंत अंडी निघतात. ती बनवायला लागणारी सगळी चरबी आणि प्रथिनं तिच्या अंगातून जातात. सावरायला वेळ न मिळता पुन्हा अंडी आली की ती बारीक होत जाते, शेपटीची जाडी उतरते, खाणं कमी होतं. ज्यांनी ‘दोन माद्या’ म्हणून आणलेल्यांपैकी एक नर निघाला, त्यांच्याकडून मी हे वर्णन इतक्या वेळा ऐकलं आहे की याच एका कारणासाठी हे पान लिहावंसं वाटलं.

म्हणून लिंग ठरेपर्यंत वेगवेगळं ठेवा, किंवा टाकीत पक्की आडकाठी घाला. मुद्दाम पैदास करायची असेल तरी मादी दीड वर्षाची आणि चांगली भरलेली होऊ द्या, आणि दोन खेपांमध्ये निदान सहा महिने जाऊ द्या. सख्ख्या भावंडांची पैदास करू नका. आईवडील माहीत नसतील तर या फंदात न पडलेलंच बरं.

९. माझी मादी एकटीच आहे, तरी अंडी दिली. हे कसं?

दोन शक्यता. ती आधी नरासोबत राहिली असेल तर शुक्राणू तिच्या शरीरात काही काळ टिकून राहतात. किंवा अंडी निव्वळ न फळलेली आहेत. नराशिवायही काही माद्या अशी अंडी टाकतात. फळलेल्या अंड्यातला गोळा दोन-तीन दिवसांत विभागत जातो आणि आठवड्याच्या आत घेवड्याच्या दाण्यासारखा लांबट होतो. न फळलेला गोलच राहतो आणि पुढे पांढुरका पडून त्यावर बुरशी धरते. पिल्लं वाढवायची नसतील तर अंडी पहिल्या एक-दोन दिवसांतच काढून फ्रीझरमध्ये गोठवा. शेकडो पिल्लं रोज जिवंत खाद्यावर वाढवणं कुणाही एका घराला झेपणारं नाही.

१०. डीएनए चाचणीने लवकर कळतं का?

हो, आणि वय कितीही असलं तरी कळतं. माणसात एक्सवाय गुणसूत्रं असलेला पुरुष असतो. अ‍ॅक्सोलॉटलमध्ये पक्ष्यांसारखी पद्धत आहे: नर झेडझेड, मादी झेडडब्ल्यू. अडचण अशी होती की झेड आणि डब्ल्यू दिसायला जवळजवळ सारखेच. अ‍ॅक्सोलॉटलचा जीनोम सुमारे ३२ अब्ज अक्षरांचा, म्हणजे माणसाच्या दहापट. त्यात फक्त मादीत सापडणारा तुकडा जेमतेम तीन लाख अक्षरांचा निघाला. तो २०१८ मध्ये सापडला आणि त्यावरून चाचणी करता येऊ लागली. नमुना त्वचेवरून किंवा शेपटीच्या अगदी छोट्या तुकड्यातून घेतात. शेपटी पुन्हा वाढते, तरी हे काम घरी करायचं नाही.

टाकीच्या तापमानाने लिंग बदलतं का, हेही विचारलं जातं. काही कासवांत अंडी उबण्याच्या तापमानावर लिंग ठरतं, अ‍ॅक्सोलॉटलमध्ये ते गुणसूत्रांवर ठरतं.

११. आता रंग. मुळात रंग किती प्रकारचे?

नावं डझनावारी आहेत, पण त्यामागे रंगपेशी तीनच. काळा-तपकिरी रंग देणाऱ्या मेलॅनोफोर, पिवळा देणाऱ्या झँथोफोर आणि चकाकी देणाऱ्या इरिडोफोर. तिन्ही शाबूत असल्या की वाइल्ड टाइप: शेवाळी-तपकिरी अंग, काळे ठिपके, मधूनमधून सोनेरी कण आणि डोळ्याच्या बाहुलीभोवती चमकती कडी. मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या पाण्यात जे मोजके उरले आहेत ते बहुतेक याच रंगाचे. बाकीचे प्रकार म्हणजे यातली एखादी पेशी गायब, नाहीतर जागेवर पोचलेली नाही, नाहीतर रंगच बनवत नाही.

ओळखताना क्रम पक्का ठेवा. आधी डोळे, मग चकाकी, शेवटी अंगाचा रंग. बहुतेक जण उलट जातात आणि तिथेच चुकतात.

१२. माझा पांढरा आहे. ल्युसिस्टिक की अल्बिनो?

बाहुली काळी असेल तर ल्युसिस्टिक. गुलाबी, लाल किंवा जवळजवळ रंगहीन असेल तर अल्बिनो. फ्लॅशमध्ये काळी बाहुलीही लाल चमकते, म्हणून साध्या उजेडात बघा.

ल्युसिस्टिकमध्ये रंग बनतो, पण रंगपेशी गर्भात पाठीच्या कण्याकडून अंगभर पसरायच्या त्या पसरत नाहीत. डोळ्यांचा रंग वेगळ्या वाटेने तयार होतो, म्हणून डोळे काळे राहतात. अल्बिनोमध्ये काळा रंग बनवणारं विकरच (एन्झाइम) काम करत नाही, म्हणून डोळ्यांतही काळं नाही.

दोघांची घराणीही वेगळी आहेत. १८६४ मध्ये मेक्सिकोहून पॅरिसला आलेल्या अ‍ॅक्सोलॉटलांत एक पांढरा नर होता आणि ल्युसिस्टिक घराणं तिथपर्यंत मागे जातं. अल्बिनोचं जनुक मात्र अ‍ॅक्सोलॉटलचं नव्हेच. १९६२ मध्ये अमेरिकेत हम्फ्री या संशोधकाने टायगर सॅलॅमँडर या जवळच्या जातीशी संकर करून ते आणलं.

अपवाद: काळे डोळे आहेत पण बाहुलीभोवती चमकती कडी नाही, असा पांढरा प्राणी मेलॅनॉइड ल्युसिस्टिक असू शकतो (प्रश्न १३).

१३. पूर्ण काळा आहे. मेलॅनॉइड की गडद वाइल्ड टाइप?

टॉर्च बाजूने, हलक्या उजेडात, क्षणभर धरा आणि डोळा बघा. बाहुलीभोवती सोनेरी कडी दिसली तर तो वाइल्ड टाइप, मग अंग कितीही काळं असो. मेलॅनॉइडमध्ये चकाकीच्या पेशी नसतात, त्यामुळे डोळा सगळा एकसंध काळा दिसतो, काळ्या मण्यासारखा, आणि अंगावर एकही चमकता कण नसतो. कल्ल्यांच्या दांड्यांवरही नीट बघा. वाइल्ड टाइपच्या अंगावर काही दिसत नसताना तिथे सोनेरी कण सापडतात.

काळ्या तळावर ठेवलेला वाइल्ड टाइप काही आठवड्यांत गडद होतो, म्हणून अंगाच्या काळेपणावर जाऊ नका.

१४. गोल्डन अल्बिनो आणि कॉपर यांत गोंधळ होतो.

गोल्डन अल्बिनो पिवळा ते केशरट, डोळे गुलाबी किंवा रंगहीन, कल्ल्यांवर चमकते कण. अंगावर तपकिरी काहीच नाही. कॉपर फिकट तपकिरी, अंगावर तांबूस ठिपके. त्यात काळ्याऐवजी तपकिरी रंग बनतो. डोळे साध्या उजेडात गडद वाटतात, पण प्रकाश पडला की बाहुली माणकासारखी लाल दिसते. ठिपके तपकिरी असतील तर कॉपर, काळे असतील तर फिकट वाइल्ड टाइप.

१५. डोळे गुलाबी, अंग पांढरट. व्हाइट अल्बिनो, लहान गोल्डन की मेलॅनॉइड अल्बिनो?

पिल्लाचं उत्तर वेळच देते. गोल्डनची पिल्लं फिकट असतात आणि वाढताना पिवळी होत जातात. मोठं होऊनही पांढरंच राहिलं आणि पाठीच्या कडेला किंवा डोक्यावर किंचित पिवळी झाक असेल, तर चकाकी तपासा. मेलॅनॉइड अल्बिनोत चमकता कण कुठेच नसतो. व्हाइट अल्बिनोच्या कल्ल्यांवर तो असू शकतो. खरं सांगायचं तर या दोघांना नुसत्या डोळ्यांनी वेगळं काढणं अनुभवी लोकांनाही जड जातं. आईवडील माहीत असतील तरच पक्कं सांगता येतं.

१६. राखाडी-जांभळट आहे. अ‍ॅक्झँथिक की लॅव्हेंडर?

अंगावर पिवळी झाक कुठेच नसेल आणि राखाडी रंग थंड वाटत असेल, तर अ‍ॅक्झँथिकचा विचार करा. त्यातही चकाकी नसते, म्हणून मेलॅनॉइडशी गल्लत होते. चंदेरी-जांभळं अंग आणि त्यावर राखाडी ठिपके असले तर त्याला लॅव्हेंडर म्हणतात. फोटोवरून यांतलं एकही मी ठामपणे सांगत नाही, कारण कॅमेऱ्याने पांढरा रंग थोडा निळसर धरला की साधा वाइल्ड टाइपही अ‍ॅक्झँथिक दिसतो.

१७. जीएफपी हा वेगळा रंग आहे का?

नाही. जीएफपी म्हणजे हिरवं चमकणारं प्रथिन. एका जेलीफिशच्या जनुकामुळे निळ्या किंवा अतिनील प्रकाशात अंग हिरवं चमकतं. संशोधनात पेशींचा माग काढता यावा म्हणून ते अ‍ॅक्सोलॉटलमध्ये घातलं गेलं, तिथून पाळणाऱ्यांकडे आलं. ल्युसिस्टिक जीएफपी असतो, मेलॅनॉइड जीएफपीही असतो. म्हणजे रंग वेगळा ठरवायचा आणि जीएफपी आहे की नाही ते वेगळं. अंधाऱ्या खोलीत निळी टॉर्च दोन-तीन सेकंद दाखवली की पुरे. पाहुण्यांना दाखवायला रोज तसा प्रकाश मारू नका. पापण्यांचं प्रश्न ३ मध्ये लिहिलंच आहे.

१८. पांढऱ्या अ‍ॅक्सोलॉटलवर काळे ठिपके येत आहेत. आजार आहे का?

ल्युसिस्टिकच्या डोक्यावर आणि पाठीवर वाढत्या वयात ठिपके येतात, ते नैसर्गिक आहेत. मात्र अल्बिनोवर काळा डाग दिसला तर गंभीरपणे घ्या, कारण त्याचं शरीर काळा रंग बनवूच शकत नाही. पाणी तपासा आणि डॉक्टरला दाखवा. कुठल्याही प्राण्याचा रंग एकाएकी फिका पडला, कल्ले पांढुरके झाले आणि ते पुढे वळले, तर आधी अमोनिया आणि तापमान बघा. पाणी १६ ते १८ अंश सेल्सियस असावं. आराम करताना कल्ले थोडे फिके होणं आणि हालचालीनंतर लाल होणं हे रोजचंच आहे.

१९. गोल्डन आणि ल्युसिस्टिकची पिल्लं सगळी काळपट निघाली. दुसरा नर होता का?

दुसरा नर असायलाच हवा असं नाही. हे सगळे रंग अप्रभावी आहेत: दिसायला आई आणि बाप दोघांकडून तेच जनुक यावं लागतं. गोल्डनकडे अल्बिनोची जोडी आहे, पण रंग पसरवणारं जनुक चांगलं आहे. ल्युसिस्टिककडे रंग बनवणारं जनुक चांगलं आहे, पसरवणारं नाही. पिल्लाला प्रत्येकाचं एकेक चांगलं मिळतं आणि ते वाइल्ड टाइप दिसतं. अशा दोन पिल्लांची संतती झाली तर सरासरी १६ पैकी ९ वाइल्ड टाइप, ३ गोल्डन, ३ ल्युसिस्टिक, १ व्हाइट अल्बिनो असं पडतं. हे फक्त समजण्यासाठी. भावंडांबद्दल प्रश्न ८ मध्ये लिहिलं आहे.

२०. अंडी पांढरी आहेत, म्हणजे पिल्लं अल्बिनो होतील?

अंड्याचा रंग आईचा असतो. अल्बिनो आईची अंडी पांढरी निघतात, बाप वाइल्ड टाइप असला तरी. मग भ्रूण मोठा होत जातो तसं पाठीवर आणि डोळ्यांत काळं उमटू लागतं. उलट, ल्युसिस्टिक आई स्वतः पांढरी असून अंडी गडद घालते, कारण तिच्यात रंग बनतो (प्रश्न १२).

२१. अमुक रंगाचे बहुतेक नरच असतात का?

नाही. रंगाची ही जनुकं लिंग ठरवणाऱ्या तुकड्याशी बांधलेली नाहीत. फक्त तपासण्याची सोय वेगळी असते: फिकट प्राण्यात फुगवटा सावलीने हरवतो, गडदात पार्श्वभूमीत मिसळतो. गडद प्राण्याला पांढऱ्या डब्यात आणि फिकट प्राण्याला गडद डब्यात बघा.

२२. अर्धं अंग एका रंगाचं, अर्धं दुसऱ्या. हे काय?

दोन शक्यता प्रामुख्याने. मोझेइकमध्ये वाढीच्या सुरुवातीला काही पेशींत बदल होतो आणि रंग अंगभर वेडेवाकडे विखुरतात. कायमेरामध्ये दोन भ्रूण एक होतात आणि कधी अगदी मधोमध रेघ ओढल्यासारखे दोन रंग दिसतात. दोन्ही फार दुर्मिळ, आणि पिल्लांत ते तसेच उतरतील असं धरून चालू नये. फायरफ्लाय म्हणून जो दाखवतात, ज्याची शेपटी वेगळ्या रंगाची आणि चमकणारी असते, तो प्रयोगशाळेत भ्रूणांचे तुकडे जोडून केलेला असतो.

अशा प्राण्याचं लिंग ठरवतानाही जागा तीच, शेपटीचं बूड. कायमेराच्या दोन अर्ध्यांचं लिंग वेगळं असू शकतं, म्हणून त्यात एका बाजूला फुगवटा आणि दुसऱ्या बाजूला सपाट दिसलं तर त्याला नर-मादी कुठलंच नाव देण्याची घाई करू नका. त्याला एकटंच ठेवा.